मांगरात उभी असलेली फियाट: जाम इंजिन, ओला पत्रा आणि कामाचा क्रम

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबांची १९७१ ची फियाट ११०० डिलाइट डिचोलीच्या घरी मांगरात, म्हणजे घराबाहेरच्या शेडमध्ये, कित्येक पावसाळे उभी आहे. इंजिन फिरत नाही. एका गॅरेजवाल्याने ‘मारुती ओमनीचं इंजिन टाकू, महिन्यात रस्त्यावर येईल’ असं सांगितलं आहे. तुम्हाला मात्र गाडी आहे तशीच, जमेल तेवढी घरीच उभी करायची आहे. सुरुवात कुठून करू?

घरी नक्की होईल. ओमनीचं इंजिन टाकू नका. आणि नवी बॅटरी आणून स्टार्टर मारून बघायचा मोह होत असेल तर किल्ली काढून घरात नेऊन ठेवा. बंद गाडीचं सगळ्यात मोठं नुकसान ती उभी असताना होत नाही, ती पुन्हा सुरू करायच्या पहिल्या अर्ध्या तासात होतं. गंजलेल्या बोअरमध्ये, म्हणजे पिस्टन ज्या नळकांड्यात वरखाली होतो त्यात, पिस्टनच्या रिंगा घासतात, चिकटलेला वाल्व पुशरॉड वाकवतो, टाकीतला चिकट गाळ थेट कार्बोरेटरमध्ये जातो. ही गाडी इतकी वर्षं थांबली आहे, अजून काही महिने थांबेल.

ओमनीच्या इंजिनाबद्दल आधी बोलतो, कारण तो निर्णय एकदा झाला की मागे फिरता येत नाही. ते ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, हलकं आणि चांगलं आहे, पण दुसऱ्या गाडीचं आहे. ते बसवायला माउंटिंग कापावी लागतात, गिअरबॉक्स बदलावा लागतो, आणि इंजिन बदलाची आरटीओची परवानगी व आरसीवर नोंद हे वेगळंच. शिवाय २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांवरची गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसेल तरच. तुमची गाडी आज या नियमात बसते. इंजिन बदललंत की तो दरवाजा बंद.

आणि तुमचं मूळ इंजिन घरी उघडायला याहून सोपं मिळणार नाही. १०८९ सीसी, चार सिलिंडर, ६८ मिमी बोअर, ७५ मिमी स्ट्रोक, बिडाचा ब्लॉक, वर अॅल्युमिनियमचं हेड, कॅम खाली ब्लॉकमध्ये आणि पुशरॉडने चालणारे वाल्व. क्रँकला तीन मेन बेअरिंगं. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात हेच इंजिन पुढे पद्मिनीतही बसत राहिलं, त्यामुळे मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी या इंजिनाची नस न् नस ओळखून ठेवली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, पण कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर पार्ट अजून फिरतात. पार्ट मागवताना नवीन नकली पिस्टनपेक्षा जुन्या साठ्यातला, न वापरलेला पिस्टन पसंत करा.

आता इंजिनाच्याही आधी पत्रा बघा. हे ऐकायला उलटं वाटेल, पण गोव्यात गाडी इंजिनामुळे मरत नाही, पत्र्यामुळे मरते. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, चिऱ्याच्या भिंती पावसाळाभर ओल धरून ठेवतात, मांगराची जमीन मातीची, आणि गाडीच्या पोटाखालची हवा चार महिने ओलीच राहते. या फियाटला वेगळी चासी नाही. बॉडी हीच चासी. म्हणून दरवाजांखालच्या पेट्या सडल्या असतील तर तो दिसण्याचा दोष नाही, गाडीचा कणाच गेलेला आहे.

एक बोथट स्क्रू ड्रायव्हर आणि टॉर्च घेऊन खाली झोपा. जॅकवर भरवसा ठेवून मुळीच नाही, चारही बाजूंना लोखंडी घोड्या किंवा जाड लाकडी ठोकळे लावून. दरवाजांखालच्या पेट्या, जॅक लावायच्या जागा, पायाखालचा फ्लोअर, मागच्या कमान पाट्यांचे हँगर, बॅटरीची ट्रे, डिकीतला स्टेपनीचा खड्डा आणि पुढच्या काचेच्या रबराखालचे दोन कोपरे तपासा. हातोड्याने ठोकू नका, स्क्रू ड्रायव्हर दाबून बघा. चांगला पत्रा ठणठणीत लागतो, सडलेला कुरकुरतो. जिथे आधी कुणी लांबी (पुट्टी) थापली आहे तिथे चुंबक धरला की कळतं, खाली पत्रा असेल तर चिकटतो. दरवाजांच्या खालच्या कडेला पाणी निघायची बारीक भोकं असतात. ती बहुतेक वेळा मातीने बुजलेली सापडतात आणि दरवाजे आतून सडण्याचं निम्मं कारण तेवढंच असतं.

हे सगळं वहीत लिहून, फोटो काढून मगच ठरवा. हँगरच्या जागा आणि पेट्या दोन्ही बाजूंनी गेल्या असतील तर खर्चाचा मोठा भाग पत्र्यालाच लागेल, हे इंजिनवर पैसे घालण्याआधी कळलेलं बरं. पाहणी झाली की गाडीवरची प्लास्टिकची ताडपत्री काढून टाका. तिच्याखाली रात्रीचं दव साचतं. सुती चादर चालेल, आणि चाकांखाली जमिनीवर विटा किंवा फळ्या टाका.

आता जाम इंजिन. ‘जाम’ म्हणजे पिस्टन चिकटलाच असं धरून चालू नका. आधी फॅनबेल्ट काढा आणि डायनॅमो व पाण्याचा पंप हाताने फिरतात का बघा. मग स्टार्टर उतरवा. त्याची पिनियन फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकून बसलेली असली तरी इंजिन हलत नाही, आणि स्टार्टर उतरवल्याबरोबर मोकळं झालेलं ‘सीझ’ इंजिन मी पाहिलेलं आहे. क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटणं हा प्रकारही आपल्या दमट हवेत नेहमीचा, पण तो वेगळा. तिथे इंजिन फिरतं, फक्त क्लच सुटत नाही.

हे तिन्ही नसेल तर प्लग काढा. मोबाइलला जोडायचा छोटा कॅमेरा ऑनलाइन स्वस्तात मिळतो, तो घ्या आणि चारही सिलिंडरमध्ये डोकावा. बहुधा तुम्हाला असं दिसेल: दोन-तीन सिलिंडर जवळजवळ स्वच्छ, आणि एकात तांबडा गंज. कारण सरळ आहे. इंजिन थांबतं तेव्हा एखाद्या सिलिंडरचा वाल्व उघडा राहतो. सायलेन्सरमधून किंवा कार्बोरेटरमधून येणारी ओली हवा त्या एकाच बोअरमध्ये शिरते, बाकीचे बंद वाल्वमुळे बचावतात. कोणता सिलिंडर खराब आहे ते लिहून ठेवा, पुढे मशीन शॉपवाल्याशी बोलताना तेच कामाला येतं.

टॅपेट कव्हर काढून रॉकर शाफ्ट पूर्ण उतरवा. नट एकेक करून पूर्ण सोडू नका, सगळे थोडे थोडे सैल करा, नाहीतर स्प्रिंगच्या दाबाने शाफ्ट वाकतो. रॉकर निघाला की सगळे वाल्व बंद व्हायला हवेत. आता बाजूने बघा. आठही वाल्वची डोकी एका उंचीवर आली पाहिजेत. एखादा खाली राहिला असेल तर तो गाइडमध्ये अडकला आहे. त्यावर पेनिट्रेटिंग ऑइल सोडा, नायलॉनच्या हातोडीने हलकेच टिचकी द्या, पुन्हा ऑइल. पुशरॉड काढून खोक्याच्या पुठ्ठ्यात भोकं पाडून १ ते ८ क्रमाने खोचा. टॅपेट (पुशरॉडखालचे, कॅमवर टेकणारे तुकडे) पुढे काढाल तेव्हाही प्रत्येकाचा नंबर ठेवा, कारण प्रत्येक टॅपेट आपापल्या कॅमच्या उंचवट्याशी घासून बसलेला असतो. अदलाबदल झाली की जुनी कॅम लवकर झिजते.

मग प्रत्येक सिलिंडरमध्ये ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल आणि अॅसिटोन सारख्या प्रमाणात मिसळून चार-पाच चमचे ओता. अॅसिटोन भडका घेतं आणि रंग उतरवतं, म्हणून मांगराची दारं उघडी, जवळ चूल-बिडी काही नाही, आणि फेंडरवर जाड कापड. प्लगच्या भोकांत चिंधी सैल खोचा. रोज सकाळी बघा. ज्या सिलिंडरमधलं ऑइल खाली उतरतं तिथल्या रिंगा मोकळ्या आहेत. जिथे ते तसंच साचून राहतं तिथेच तुमचा चिकटलेला पिस्टन.

चार-पाच दिवसांनी क्रँक पुलीच्या नटावर पाना लावून नट आवळायच्या दिशेने थोडा जोर द्या. उलट दिशेला नट सुटतो, म्हणून मागे फिरवायला गाडी टॉप गिअरमध्ये टाकून दोघांनी मागे-पुढे ढकला. पान्याला लांब पाइप लावून जोर काढू नका. हलकासा झोल मिळाला की तोच वाढवत न्या, प्रत्येक वेळी थोडं पुढे, थोडं मागे. गंजाचा चुरा रिंगांपुढे साचतो, तो मागे येऊ द्यावा लागतो. पूर्ण एक फेरा झाला तरी स्टार्टर मारायचा नाही. बोअर कसा आहे ते आता हेड काढून बघायचं आहे.

या इंजिनाच्या हेडबद्दल सावध राहा. अॅल्युमिनियमचं हेड आणि लोखंडी स्टड, मध्ये वर्षानुवर्षांचं विहिरीचं पाणी. आपल्याकडे कूलंट घालायची सवय फार उशिरा आली, रेडिएटरमध्ये कळशीने पाणी ओतायचे. त्यामुळे स्टडभोवती पांढरी भुकटी धरते आणि हेड स्टडनाच घट्ट बसतं. नट बाहेरून आत, टप्प्याटप्प्याने सोडा, इंजिन थंड असताना. मग स्टडच्या मुळांशी रोज पेनिट्रेटिंग ऑइल. हेड आणि ब्लॉकच्या फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. अॅल्युमिनियमला पडलेला चरा म्हणजे पुढे गॅस्केट गळण्याची जागा. क्रँक फिरत असेल तर एक जुनी युक्ती चालते: पिस्टन खाली असताना प्लगच्या भोकातून सुती दोरी आत भरायची, वाल्व बंद आहेतच, आणि क्रँक हळू फिरवायची. पिस्टन दोरी दाबतो, दोरी हेड सरळ वर उचलते. दोरीचं टोक बाहेर राहील याची काळजी घ्या.

हेड निघालं की स्वच्छ करून त्यावर लोखंडी सरळपट्टी आडवी-तिरपी ठेवा आणि खालून ०.०५ मिमीचा फिलर गेज सरकतो का बघा. ०.१० चा सरकला तर फेसिंग, म्हणजे मशीनवर तळ सपाट करून घेणं, करावं लागेल. पाण्याच्या भोकांच्या कडा खाल्ल्या गेल्या असतील तर आधी आर्गॉन वेल्डिंगने भरून मग फेसिंग. हे काम घरी नाही. गोव्यात जमलं नाही तर बेळगावच्या उद्यमबागेत किंवा कोल्हापूरला जा, तिथे बिडाच्या आणि क्रँकच्या कामाची पिढ्यान् पिढ्या सवय आहे. पत्र्याच्या कामाला कुणीही चालेल असं नाही, पण बोअरच्या कामाला तर मुळीच नाही.

ब्लॉकमध्ये नख फिरवून बघा. नखाला गंजाचा खड्डा लागला तर नुसतं होन करून, म्हणजे दगडाने आतून हलकं घासून, भागणार नाही. मशीन शॉपमध्ये बोअर तीन उंचींवर, दोन दिशांनी मोजून घ्या आणि आकडे कागदावर मागा. झीज ०.१५ मिमीच्या पुढे गेली की बोअर करावाच, म्हणजे मोठ्या मापाच्या पिस्टनसाठी कापून रुंद करावा. पिस्टन आधी हातात आले पाहिजेत, बोअर नंतर, त्याच पिस्टनच्या मापाने. उलट क्रमाने केलं की बोअर झालेला ब्लॉक घेऊन बाजारात पिस्टन शोधत फिरावं लागतं. पिस्टनची मोठी मापं आधीच वापरून संपलेली असतील तर स्लीव्ह (आतून नवी नळी) टाकून पुन्हा ६८ वर येता येतं. नवी रिंग बोअरमध्ये पिस्टनने सरळ ढकलून टोकांतली फट मोजा, या बोअरला पाव मिलिमीटरच्या थोडं वर असावी. रिंगची टोकं भिडली तर गरम झाल्यावर रिंग तुटते.

ब्लॉक उघडा आहे तोवर कोअर प्लग, म्हणजे ब्लॉकच्या बाजूच्या पत्र्याच्या टोप्या, सगळ्या काढा. आत, विशेषतः चौथ्या सिलिंडरच्या मागे, लाल-तपकिरी चिखल घट्ट बसलेला असतो. बाहेरून नळी लावून तो निघत नाही. जाड तार वाकवून कोरावा लागतो, मग पाण्याचा जोर, पुन्हा तार, आणि शेवटी पाणी स्वच्छ यायला लागतं. हे काम कंटाळवाणं आहे, पण ‘फियाट गरम होते’ ही जी सार्वत्रिक तक्रार, तिचं मूळ रेडिएटरइतकंच इथे असतं. टोप्या नव्या, पितळी मिळाल्या तर उत्तम. जोडल्यावर कूलंट घाला, विहिरीचं पाणी पुन्हा नाही. लोखंड आणि अॅल्युमिनियम साध्या पाण्यात एकत्र ठेवले की अॅल्युमिनियम झिजत जातं.

जोडताना हेडचे नट मध्यापासून बाहेर, टॉर्क रेंचने, तीन टप्प्यांत. टॉर्क आणि टॅपेटची फट यांचे आकडे वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्या, आठवणीतून सांगणाऱ्या कुणाकडून नको, माझ्याकडूनही नको. अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये वाल्व सीट वेगळी बसवलेली असते, त्यामुळे २००० पासून शिसंविरहित पेट्रोल आलं म्हणून सीट झिजतील ही भीती इथे फारशी लागू नाही.

खरी काळजी आजच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलची. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. ते जुनं रबर फुगवतं, हवेतली ओल ओढून घेतं आणि टाकीत वर्षानुवर्षं चिकटलेला गाळ सोडवून पुढे पाठवतं. म्हणून टाकी उतरवा, जुनं पेट्रोल काढा, आतून साफ करा. टाकीला भोक असेल तर घरी वेल्डिंग कधीही करू नका. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या पेट्रोलपेक्षा धोकादायक असते. रबरी पाइप सगळे इथेनॉल चालणारे नवे घ्या. मेकॅनिकल पंपाचा डायफ्रॅमही बदला, आणि बदलण्याआधी डिपस्टिकचा वास घ्या. फाटक्या डायफ्रॅममधून पेट्रोल थेट ऑइलमध्ये उतरतं आणि पातळ झालेलं ऑइल बेअरिंगं खातं. इथेनॉलने मिश्रण थोडं पातळ पडतं, त्यामुळे इंजिन अडखळलं तर कार्बोरेटरमधला जेट (पेट्रोल मोजून सोडणारं भोक) एक पायरी मोठा करावा लागेल. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तेव्हा कार्बोरेटर रिकामा करून ठेवा.

पहिल्यांदा सुरू करताना मूळ टाकी वापरू नका, छोट्या डब्यातून पेट्रोल द्या. प्लग काढून, इग्निशनची वायर सोडवून, ऑइलचा दाब येईपर्यंत स्टार्टर थोडा थोडा फिरवा. मग प्लग, पॉइंट साफ, फायरिंग ऑर्डर १-३-४-२. शेजारी आग विझवायचा सिलिंडर ठेवा, पाण्याची बादली नाही. सुरू झालं की पहिल्या मिनिटाला फक्त ऑइलचा दाब बघा, बाकी काही नाही. गरम होऊन पूर्ण थंड झाल्यावर हेडचे नट आणि टॅपेट पुन्हा तपासा. पाचशे किलोमीटरवर ऑइल बदला.

पण गाडी हलवण्याआधी ब्रेक. चारही चाकांना ड्रम, आणि एकच हायड्रॉलिक सर्किट. एक पाइप फुटला की चारही ब्रेक गेले. त्यामुळे इथे ‘चालतंय ना’ हे उत्तर नको. मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर, रबरी होज, लोखंडी पाइप, सगळं नवं. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असतो, ड्रममधली धूळ हवेच्या झोताने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. टायरवरच्या चार आकडी शिक्क्यात आठवडा आणि वर्ष असतं. रबर काळंकुळकुळीत दिसलं तरी जुनं टायर जुनंच. वायरिंगला उंदरांनी हात लावला नसेल असं मांगर गोव्यात नाही, म्हणून जोडाजोड न करता पूर्ण हार्नेस नवा करा, मूळ रंगांच्या वायरींनी.

पत्रा आणि रंग दसऱ्यानंतर सुरू करा आणि शिगम्यापर्यंत, म्हणजे होळीपर्यंत, आटोपा. पावसाळ्यात मारलेल्या रंगावर पांढरट झाक येते आणि अस्तराखाली ओल अडकते. इंजिनाचं काम मात्र पावसात, घरात बसून करण्यासारखंच आहे. वेल्डिंग मिगने किंवा गॅसने. साध्या आर्कने एक मिलिमीटरच्या आतला पत्रा जळतो. पेट्या कापण्याआधी दरवाजाच्या चौकटीत आतून पाइपचा आडवा-तिरपा आधार वेल्ड करा, नाहीतर बॉडी खाली बसते आणि दरवाजे पुन्हा कधी नीट लागत नाहीत. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून पाणी लावून घासा, तोंडाला चांगला मास्क. छतावरचा आजोबांच्या वेळचा रंग अजून धरून असेल तर तो घासून काढू नका. मूळ रंग एकदा गेला की कुठल्याही शेडकार्डावर परत मिळत नाही, आणि मला स्वतःला नव्या चकाकीपेक्षा तो जास्त मोलाचा वाटतो.

शेवटी कागद. आरसी आजोबांच्या नावावर असेल तर वारसाने नाव बदलून घेणं आजच सुरू करा, इंजिन खोलण्याची वाट बघू नका, त्याला वेळ लागतो. त्यानंतर दोन वाटा आहेत. विंटेज नोंदणी केलीत तर ती दहा वर्षांची असते, मूळ नंबर राखता येतो, म्हणजे तुमची जुनी ‘जीडी’ची पाटी राहील. पण मग गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल-दुरुस्ती एवढ्यासाठीच काढायची, रोजच्या वापराला नाही. दर शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला न्यायची इच्छा असेल तर नेहमीचंच नूतनीकरण करा. २०२५ पासून २० वर्षांवरच्या मोटारीला त्याचं शुल्क १०,००० रुपये झालं आहे, आणि ते पाच वर्षांसाठी असतं.

तूर्त स्टार्टर उतरवून बघा आणि चारही बोअरचे फोटो काढा. कोणत्या सिलिंडरमधलं ऑइल उतरलं आणि कोणत्यातलं नाही, तेही लिहा. ते बघून हेड काढल्यावर काय सापडेल आणि मशीन शॉपला काय सांगायचं, ते नेमकं सांगता येईल.